राजगुरू कोणता, रिळं किती: कोल्हापुरातल्या एका मतवहीची तपासणी

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा असलेल्या गावात जुन्या सिनेमावर मत नसलेला माणूस शोधावा लागतो. मंगळवार पेठेतल्या एका छोट्या सिनेप्रेमी गटाने ही मतं टिपून ठेवायला वही घातली. रीत अगदी साधी. महिन्यातून एकदा जमायचं, प्रत्येकाने फारसा कुणाच्या तोंडी नसलेला एखादा जुना मराठी चित्रपट निवडायचा, चार वाक्यं बोलायचं आणि तीच चार वाक्यं वहीत उतरवायची. एका चित्रपटाला एक पान. परीक्षण नको, तारे नकोत. आवडला की नाही आणि का, एवढंच.

वही बऱ्यापैकी भरल्यावर तिच्यावरून वर्षभरासाठी बारा चित्रपट निवडायचं ठरलं आणि तिथे गाडं अडलं. एकाच पानावरची मतं एकमेकांना धरून नव्हती. आवडीनिवडी वेगळ्या असणारच, त्याचं काही नाही. पण एकाने ज्या प्रसंगाची वाखाणणी केली होती तो दुसऱ्याने पाहिलेलाच नव्हता. एकाला खटकलेला नट दुसऱ्याच्या मते त्या चित्रपटात नव्हताच. भांडणाला तोंड फुटलं ते 'अमृतमंथन'च्या पानावर.

चंद्रमोहन की दाते

पानावर दोन मतं शेजारीशेजारी होती. पहिलं असं, की राजगुरू नुसत्या डोळ्यांवर चित्रपट खाऊन जातो, संवादांची गरजच नाही. दुसरं असं, की राजगुरू रंगभूमीवरून उतरल्यासारखा बोलतो, पण त्या बोलण्याचाच धाक बसतो. बैठकीत हे वाचून दाखवल्यावर जुन्या मंडळींपैकी एकजण उसळले, "राजगुरू म्हंजे चंद्रमोहन. दुसरं कोण आसणार? डोळं बघितलासा काय त्याचं?" त्यावर समोरून उत्तर आलं, "आण्णा, मराठीत चंद्रमोहन न्हाईच की. केशवराव दाते हाईत."

दोघेही बरोबर होते. प्रभात फिल्म कंपनीने 1933 मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला बिऱ्हाड हलवलं आणि नव्या स्टुडिओत 1934 साली 'अमृतमंथन' मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. कथा तीच, दिग्दर्शक व्ही. शांतारामच, पण राजगुरूच्या भूमिकेत मराठीत दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. डोळ्यांचा जो क्लोजअप सिनेमाच्या गप्पांत नेहमी निघतो तो हिंदी आवृत्तीतल्या चंद्रमोहनचा. आण्णांनी हिंदी पाहिला होता आणि नोंद मराठी नावाखाली केली होती. दोन्हीकडे नाव एकच असल्यामुळे त्यांना शंका येण्याचं कारणही नव्हतं.

ही गफलत प्रभातच्या त्या काळातल्या बहुतेक चित्रपटांच्या बाबतीत होऊ शकते. 1941च्या 'शेजारी'त जिवबा केशवराव दात्यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदी 'पडोसी'त जागीरदार मिर्झाच राहिले, पण जिवबाच्या जागचा ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू शेजारी मुसलमान नटाने आणि मुसलमान शेजारी हिंदू नटाने उभा केला. या अदलाबदलीवर कुणी चार वाक्यं लिहिली असतील तर ती 'शेजारी'च्या पानावर शोभणार नाहीत, कारण मराठीत ती अदलाबदल नाही. उलट 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' या 1937च्या जोडीत शांता आपटे आणि दाते दोन्हीकडे आहेत. तिथे नटावरून आवृत्ती ओळखता येत नाही, भाषाच ऐकावी लागते. आणि ती गाण्यावरून नव्हे, साध्या संवादावरून. इंटरनेटवर मराठी नाव आणि मराठी पोस्टर चिकटवून हिंदी चित्रपट चढवलेला असणं नवलाचं नाही. सुरुवातीची नामावली आणि पहिला बोललेला संवाद, या दोन गोष्टी तपासल्या की दोन मिनिटांत निकाल लागतो.

एकाच नावाचे दोन

'सावकारी पाश'च्या पानावर एका तरुण सभासदाने तरुण शेतकरी झालेल्या शांतारामांच्या कामाची तारीफ केली होती. तारीफ योग्य असेलही, पण ती पाहून केलेली असणं शक्य नव्हतं. शांतारामांनी काम केलं ते 1925च्या मूकपटात, आणि तो आज पाहायला मिळत नाही. बाबूराव पेंटरांनीच 1936 साली त्याच नावाचा बोलपट केला तेव्हा शांताराम पुण्यात प्रभातमध्ये होते. त्या सभासदाने पुस्तकात मूकपटाबद्दल वाचलं, बोलपटाचा एक तुकडा कुठे तरी पाहिला आणि दोन्हींची सांगड घातली.

कोल्हापूरच्या सिनेमाला हा दोष फार चिकटतो, कारण इथल्या मंडळींनी विषय पुन्हापुन्हा घेतले. 'सैरंध्री' बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची 1920ची आणि प्रभातची 1933ची. 'सिंहगड' 1923चा आणि 1933चा. म्हणून वहीत नावापुढे साल लिहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही असं ठरलं. साल माहीत नसेल तर मूकपट की बोलपट एवढं तरी.

'साधी माणसं'च्या पानावरची मतं वाचली तर बहुतेक सगळी 'ऐरणीच्या देवा'बद्दल होती. चित्रपट 1965चा, भालजी पेंढारकरांचा. गाणं आकाशवाणीवर इतक्यांदा लागलंय की ते ऐकलं म्हणजे चित्रपट पाहिला असं वाटून जातं. एका नोंदीत तर आनंदघन हे संगीतकार इथलेच कुणी गुणी पण उपेक्षित गृहस्थ असावेत असा अंदाज होता! (ते लता मंगेशकरांनी संगीत देताना घेतलेलं नाव.) या नोंदी खोडल्या नाहीत. त्यांच्यापुढे 'गाणं' एवढा शब्द लिहून त्या वेगळ्या काढल्या. गाण्याबद्दलचं मत हेही मतच आहे, फक्त त्यावरून दोन तासांचा खेळ ठरवता येत नाही.

हरवलेलं डबल रीळ

इथवरच्या चुका कागदावर सापडल्या. पुढची सापडायला घड्याळ, कॅल्क्युलेटर आणि थिएटरात मशीन चालवणारा एक निवृत्त ऑपरेटर लागला.

साठच्या दशकातला एक तमाशापट. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पूर्ण प्रत कुणाकडे आहे का याची चौकशी अजून चालू आहे. त्याच्या पानावर तरुणांची मतं एकसारखी होती: पहिला अर्धा तास झकास, मग मध्यंतराआधी पटकथा घसरते, फडात नाचणारी नायिका पुढच्याच प्रसंगात शहरात भांडी घासताना दिसते, का ते कळत नाही, दिग्दर्शकाला उरकायची घाई झालीय. फक्त शुक्रवार पेठेतल्या एका वैनींची नोंद वेगळी होती. त्यांनी हा चित्रपट लग्नाआधी थिएटरात पाहिला होता आणि त्यांच्या मते यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे दोन बहिणींमधला सवाल-जवाब. बैठकीत त्यांना सांगण्यात आलं, "वैनी, ते दुसऱ्या कुठल्या तर सिनेमातलं आसंल." त्या ऐकायला तयार नव्हत्या. "मला काय येडी समजलासा व्हय? थोरलीच्या शेवटच्या सवालाला धाकटीला जवाब सुचंना, आन् तिनं तिथंच चाळ सोडून ठेवलं."

सगळ्यांनी पाहिलेली प्रत एकच होती, दोन व्हीसीडींवरून इंटरनेटवर चढवलेली. ती 108 मिनिटांची. तपासणी या क्रमाने झाली.

सुरुवातीला काही सेकंद सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसतं, ते थांबवून वाचलं. रिळं 14, लांबी 3,620 मीटर. इथे दोन ठिकाणी फसायला होतं. व्हिडिओसाठी वेगळं सर्टिफिकेट घेतलेलं असतं आणि कधी पडद्यावर तेच येतं. त्याचा मूळ फिल्मच्या लांबीशी संबंध नसतो. दुसरं, दशमान पद्धत येण्याआधीच्या सर्टिफिकेटांवर लांबी फुटांत आहे, तो आकडा मीटर समजला तर चित्रपट सात-साडेसात तासांचा निघतो. डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण आहे का तेही पाहावं. त्रिकोण म्हणजे सेन्सॉरने काही काढायला लावलं होतं. या सर्टिफिकेटवर तो नव्हता.

35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) असतात. सेकंदाला 24 चौकटी म्हणजे मिनिटाला 90 फूट, म्हणजेच 27.43 मीटर. 3,620 ला 27.43 ने भागलं की 132 मिनिटं येतात. 108 आणि 132 यांत 24 मिनिटांचा फरक दिसतो, पण तो सगळा खरा नाही. आपल्याकडच्या व्हीसीडी टीव्हीच्या पॅल पद्धतीच्या. त्यात सेकंदाला 25 चौकटी पळतात. त्यामुळे चित्रपट सुमारे 4 टक्के जलद चालतो आणि काहीही न कापता आखडतो. 108 मिनिटांना 25 ने गुणून 24 ने भागलं तर 112.5 मिनिटं होतात. मग खरी तूट साडेएकोणीस मिनिटांची.

(या जलद चालण्याचा कानावरही परिणाम होतो. आवाज पाऊण अर्धस्वराइतका चढतो. नायिकेचा आवाज किनरा, नायकाचा पोरकट अशी शेरेबाजी वहीत तीन-चार पानांवर होती. ती करण्याआधी प्लेअरचा वेग 0.96 वर आणून पाहावं. बऱ्याच प्लेअरमध्ये वेग कमी केला तरी आवाजाची पट्टी जागेवर धरून ठेवण्याची सोय आपोआप चालू असते, ती आधी बंद करावी लागते, नाहीतर वेग उतरतो आणि आवाज तसाच चढलेला राहतो. ग्रामोफोनच्या तबकडीशी तुलना करून निर्णय घेऊ नये. तबकडीवरचं गाणं पुष्कळदा निराळं ध्वनिमुद्रण असतं, आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत असल्याने कडवीही गाळलेली असतात.)

साडेएकोणीस मिनिटं गेली कुठे? तीन शक्यता धरल्या. एक, दोन डिस्क जोडताना गळालं. पण पहिली डिस्क 'मध्यंतर'च्या पाटीवर संपत होती आणि दुसरी तिथूनच सुरू होत होती. जोड स्वच्छ होता. दोन, टीव्हीवर दाखवताना कापलं. टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीत वाहिनीचं चिन्ह कुठे तरी राहतं, जाहिरातींच्या जागी प्रसंग मध्येच तुटतो. तसं काही नव्हतं. तीन, मूळ प्रिंटच, म्हणजे थिएटरात चालवायची फिल्मच, अपुरी होती.

प्रिंटची झीज कुठे होते ते ऑपरेटरना पाठ असतं. रिळाच्या तोंडाला आणि शेपटीला. दर खेपेला रीळ चढवताना-उतरवताना तिथेच ओरखडे पडतात, तुटतं, चार इंच कापून जोड मारला जातो. गावोगाव फिरलेल्या प्रिंटचं प्रत्येक रीळ दोन्ही टोकांना वीस-वीस फूट झिजलंय असं धरलं तर 14 रिळांना 560 फूट, म्हणजे सहा मिनिटांच्या आसपास. नुसत्या झिजेने साडेएकोणीस मिनिटं भरत नाहीत.

मग ठिपके मोजले. थिएटरात दोन मशिनं असत. साधारण हजार फुटांची दोन रिळं जोडून एक डबल रीळ करायचं, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका उमटतो. त्यावर ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करतो, सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि ऑपरेटर मशीन बदलतो. जुन्या प्रिंटवरून केलेल्या व्हिडिओत हे ठिपके तसेच राहतात. ठिपका जेमतेम चार चौकटींचा असतो, पापणी लवली की गेला, म्हणून एकाने पडद्याच्या फक्त त्या कोपऱ्याकडे बघत बसायचं आणि दुसऱ्याने वेळ लिहायची. 14 रिळं म्हणजे सात डबल रिळं, म्हणजे सहा बदल हवेत. प्रतीत चार ठिकाणी ठिपके स्पष्ट मिळाले. पाचव्या ठिकाणी ठिपका झिजून गेला होता, पण ओरखड्यांची गर्दी आणि आवाजातला 'खट्' यांवरून बदल ओळखता आला. पाचच बदल. म्हणजे डबल रिळं सहा.

14 रिळांत 132 मिनिटं, तर एका डबल रिळाला जवळपास 19. तूट साडेएकोणीस. उरलेलं अर्धं-पाऊण मिनिट झिजेचं. हिशेब बसला.

कोणतं रीळ गेलं ते गाण्यांच्या पुस्तिकेने दाखवलं. थिएटरच्या दारात चार-दोन आण्यांना मिळणाऱ्या या पुस्तिका रद्दीत अजून निघतात. कथासार, कलावंतांची नावं आणि सगळी गाणी क्रमाने. या चित्रपटाच्या पुस्तिकेत अकरा गाणी होती, प्रतीत नऊ. चौथं आणि पाचवं गाणं गायब. पाचवं म्हणजे सवाल-जवाब. प्रतीत तिसरं गाणं 31 व्या मिनिटाला, दुसरा रीळबदल 36 व्या मिनिटाला आणि पुस्तिकेतलं सहावं गाणं 41 व्या मिनिटाला. तेव्हा मूळचं तिसरं डबल रीळ प्रतीत नाही. त्यातच धाकटी हरते, चाळ उतरवते आणि फड सोडते. पुढच्या प्रसंगात ती शहरात असणं मग अजिबात धक्कादायक राहत नाही.

नुसत्या पुस्तिकेवर विसंबून हा निष्कर्ष काढता आला नसता. पुस्तिका प्रदर्शनाआधी छापली जाई. शेवटच्या संकलनात गाळलेलं गाणं तिच्यात छापलेलं सापडतं. केवळ पुस्तिका दाखवून 'गाणं होतं' म्हणणारे आणि केवळ व्हिडिओ दाखवून 'नव्हतं' म्हणणारे, दोघेही अर्धवट पुराव्यावर भांडतात. इथे लांबी, ठिपके, पुस्तिका आणि वैनींची आठवण या चारही गोष्टी एकाच जागी बोट ठेवत होत्या, म्हणून खात्री वाटते. कथासार मात्र फारसं उपयोगी पडलं नाही. पुस्तिकेतलं कथासार नेहमी ऐन अडचणीच्या जागी 'पुढे काय होते ते पडद्यावर पहा' म्हणून थांबतं.

म्हणजे दिग्दर्शकाच्या घाईबद्दलची सगळी मतं प्रत्यक्षात एका हरवलेल्या डबल रिळाबद्दल होती.

पाय कापणारा छायालेखक

याच चित्रपटाच्या पानावर एक तक्रार अशी होती की लावणीत कॅमेरा सारखा नाचणारीचे पाय कापतो. छायालेखकाला दोष दिला होता. तो त्याचा दोष नव्हता. त्या काळातली चौकट जवळपास 4 ला 3 या प्रमाणाची. ती आजच्या 16 ला 9 च्या पडद्यावर भरून दाखवायची तर वरून-खालून मिळून उंचीचा पाव भाग छाटावा लागतो. वरून कपाळ जातं, खालून पाय. लावणीत पाय गेले तर मग राहिलं काय? तक्रारदाराने टीव्हीवर 'झूम' लावून पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात म्हणून लोक ते लावतात. काळे पट्टे राहू द्यावेत.

दुसरा प्रकार ताणण्याचा. त्यात काही छाटलं जात नाही, पण चित्र आडवं एक तृतीयांशाने जास्त रुंद होतं आणि सडपातळ नटी ठेंगणीठुसकी दिसते. ओळखायला पट्टी पुरते. समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू, ताट किंवा गाडीचं चाक, दिसलं की चित्र थांबवायचं आणि पडद्यावर रुंदी-उंची मोजायची. सारखी आली तर ठीक. रुंदी उंचीच्या सव्वापटीहून जास्त आली तर चित्र ताणलेलं आहे. चाक तिरकं असेल तर माप चुकतं, म्हणून दोन वस्तू मोजाव्यात. मूकपटांना याशिवाय वेगाचा रोग असतो. सेकंदाला 16 ते 20 चौकटींनी चित्रित केलेली फिल्म 24 ने चालवली की सगळे धावतात, आणि मग 'अभिनय विनोदी वाटतो' असं लिहिलं जातं.

नोंदीचा फॉर्म आणि त्याने केलेली नासाडी

तमाशापटाच्या शोधाने उत्साह इतका चढला की गटातल्या दोघांनी सतरा रकान्यांचा छापील फॉर्म तयार केला. निर्मितीसंस्था, रिळं, मीटर, चौकटीचं प्रमाण, प्रतीचा उगम, सगळं त्यात होतं. पुढच्या बैठकीला फॉर्म वाटले आणि गप्पा आटल्या. ज्यांना पाच मिनिटं गप्प बसवत नसे ते रकाने बघत बसले. एका काकांनी तर स्पष्टच विचारलं, "पिच्चर बघायचा का मोजणी खात्यात नोकरी करायची?" आलेले फॉर्म माहितीच्या दृष्टीने निर्दोष होते आणि 'मत' या रकान्यात 'चांगला' एवढंच होतं.

काकांचं म्हणणं रास्त होतं. सहज दिलेल्या मतात जे सापडतं ते फॉर्ममध्ये सापडत नाही. वैनींच्या बोलण्यातला चाळ सोडण्याचा तपशील कुठल्याही रकान्यात बसला नसता.

आता चालतं ते असं. बोलणाऱ्याने आधी मत द्यायचं, मध्ये कुणी अडवायचं नाही, तीन मिनिटं. ते वहीत त्याच्याच शब्दांत लिहायचं, कोल्हापुरी असेल तर कोल्हापुरीत. प्रतीची चौकशी त्यानंतर. हा क्रम उलटा केला की माणूस सावध होतो आणि मोजूनमापून बोलायला लागतो. चौकशी एकाच माणसाने करायची, सगळ्यांनी मिळून नाही. चार जाणकारांनी एकदम 'कुठली प्रत, कुठली प्रत' केलं तर नवा माणूस पुढच्या महिन्यात येत नाही. प्रतीची ओळ पानाच्या तळाशी, पेन्सिलने, एवढीच:

साल, ऐकलेली भाषा, कुठे पाहिला, किती मिनिटं, शेवटपर्यंत का.

उदाहरणार्थ तमाशापटाच्या एका जुन्या नोंदीखाली आता असं आहे: 'मराठी, इंटरनेट (दोन व्हीसीडींवरून), 108 मि., पूर्ण पाहिला, झूम लावून. तिसरं डबल रीळ नाही.' नोंदीतला 'दिग्दर्शकाला घाई झालीय' हा शेरा तसाच ठेवलाय. ज्याने लिहिलं त्याने आपण होऊन पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

पेन्सिल एवढ्यासाठी की ही ओळ बदलत राहते. मत मात्र शाईने. पाहणाऱ्याचं मत नंतर बदललं तर खाली नवी नोंद, जुनी खोडायची नाही.

कोल्हापुरातल्या पद्मा, शाहू, उषा अशा पडद्यांवर कधीकाळी पाहिलेल्या चित्रपटांच्या नोंदींना 'आठवण' असा शिक्का आहे. त्यांना मिनिटं विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्या बाबतीत एकच प्रश्न उपयोगी ठरतो: कुणाबरोबर पाहिला? सोबतचा माणूस हयात असेल तर त्याला वेगळं गाठून तोच प्रसंग विचारायचा, आधी काही न सुचवता. दोघांच्या सांगण्यात एखादी वस्तू, एखादी हालचाल जुळली तर ती टिपायची. गोष्ट जुळली यावर विसंबू नये. तमाशापटांच्या गोष्टी एकमेकींत सहज मिसळतात, पाटील, फड, कलावंतीण आणि शेवटचा पश्चात्ताप सगळीकडे असतो. प्रदर्शनाचा काळ पक्का करायला 'पुढारी', 'सत्यवादी' या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतल्या थिएटरच्या जाहिराती कामी येतात. मात्र शहरात चित्रपट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाही लागत, तेव्हा पहिली जाहिरात सापडली म्हणजे पाहण्याची तारीख सापडली असं होत नाही.

निवड

बारा चित्रपटांची यादी शेवटी झाली ती आधीच्या यादीपेक्षा बरीच वेगळी. 'गाणं' शिक्क्याची पानं बाजूला गेली, 'सावकारी पाश' गेला. 'अमृतमंथन' राहिला आणि त्यासाठी दोन बैठका ठेवल्या. मराठी आणि हिंदी लागोपाठच्या महिन्यांत, म्हणजे दाते आणि चंद्रमोहन ताजे शेजारीशेजारी ठेवता येतील. आण्णांचा पक्ष अजून डोळ्यांचाच आहे.

खेळ ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. प्रत एकाने आधी एकट्याने घड्याळ लावून पूर्ण पाहायची. सर्टिफिकेटच्या लांबीशी पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जमलेल्यांना सुरुवातीलाच सांगायचं, कोणत्या मिनिटाला उडी आहे तेही. मग लोक त्या जागी पटकथेला नावं ठेवत नाहीत. दुसरं, हक्क. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, तेव्हा 1964 अखेरपर्यंतचे चित्रपट त्या कक्षेबाहेर गेलेत. पण गाणी आणि कथा यांचे हक्क स्वतंत्र, लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं. घरच्या बैठकीपलीकडे सार्वजनिक खेळ करायचा तर जुना चित्रपट आहे एवढ्यावर न थांबता परवानगी आणि सेन्सॉर सर्टिफिकेट दोन्ही पाहावं. इंटरनेटवर आहे म्हणून दाखवायला मोकळा आहे, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे.

तमाशापट यादीत घेतलेला नाही. पूर्ण प्रतीसाठी आधी निर्मात्यांच्या वारसांकडे, मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करायची असं ठरलंय. पत्रात काय विचारायचं ते ऑपरेटरनीच सांगितलं. नुसतं 'चित्रपट आहे का' विचारलं तर 'आहे' असं उत्तर येऊ शकतं, आणि तो तेराच रिळांचा निघतो. म्हणून रिळांची संख्या, त्यातही पाचवं आणि सहावं रीळ आहे का, शिवाय प्रत पिक्चर निगेटिव्हची आहे की प्रिंटची आणि साउंड निगेटिव्ह सोबत आहे का, हे वेगवेगळं विचारायचं. चित्र एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्याच ठिकाणी पडून असतो, असं त्यांनी अनेकदा पाहिलंय. दरम्यान वैनींकडून त्या सवाल-जवाबाच्या आठवतील तेवढ्या ओळी लिहून घेतल्या. पुस्तिकेतल्या ओळींशी पहिली दोन कडवी जुळली. तिसरं कडवं पुस्तिकेत नाहीच, त्यामुळे ते पानावर सध्या पेन्सिलने आहे.